आधी काटा, मग कॉलर

आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या बग्गीवाल्यांचं एक ठरलेलं आहे, गाडी वळणात नीट जात नाहीये म्हटलं की हात थेट शॉकच्या कॉलरकडे, म्हणजे स्प्रिंग आवळायच्या-सैल करायच्या रिंगकडे. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मग शॉकमधलं ऑइल बदल, मग टायर बदल, मग रिमोटमध्ये एक्स्पो-बिक्स्पो काहीतरी. दुपार संपते, चार्ज केलेल्या बॅटऱ्या संपतात आणि गाडी होती तिथेच. कारण कुठल्या चाकावर किती ग्रॅम पडतायत हेच कोणी बघितलेलं नसतं. काट्यावर न चढवता केलेलं सेटअप म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, हे माझं मत आहे आणि त्यावरून माझी ग्राउंडवर बऱ्याच जणांशी वाजलेली आहे.

मी बोलतोय ते १/१० स्केलच्या टू-व्हील-ड्राइव्ह ऑफरोड बग्गीबद्दल. म्हणजे साधारण दीड किलोची गाडी, मागची दोनच चाकं ओढणार, पुढची दोन फक्त वळवणार. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बरंच काही सहन करते, टू-व्हील अजिबात करत नाही, म्हणून वजनाचा खेळ हिच्यातच जास्त कळतो. आम्ही चालवतो पुण्याच्या बाहेर एका प्लॉटवर, मुरमाचा ट्रॅक, खाली रोलर फिरवून टणक केलेली जमीन आणि वर सुटे खडे आणि धूळ. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे याच मुरमामुळे परदेशी सेटअप शीट, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीच्या सेटिंगचा तक्ता, आपल्याकडे का चालत नाही ते येईल.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती की डावीकडच्या वळणात स्टिअरिंग पूर्ण दिलं तरी नाक बाहेर पळायचं, आणि उजवीकडच्या वळणात गॅसला नुसतं बोट लावलं तरी मागचं सुटून गाडी गोल. सरळ रस्त्यावर एकदम ठीक. ग्राउंडवरचा एक शाळकरी पोरगा मला म्हणाला, "दादा, तुमची गाडी उजवीकडेच का गिरकी घेते? ट्रिम करा ना." ट्रिमने सरळ जाणं सुधारतं, एका बाजूला पुश (नाक बाहेर पळणं) आणि दुसऱ्या बाजूला स्पिन (मागचं सुटून गिरकी) हे ट्रिमने जात नाही. एकाच गाडीत दोन दिशांना दोन स्वभाव दिसले की पहिला संशय चारही कोपऱ्यांच्या वजनावर घ्यायचा.

आता मोजायचं कसं. आरसीवाल्यांसाठी चार प्लेटांचे खास कॉर्नर-वेट काटे मिळतात, छान असतात, महाग असतात. मला त्यांची गरज वाटत नाही. ऑनलाइन मिळणारा तो पांढरा, गोल ताटलीवाला किचनचा काटा, एसएफ-४००, जवळजवळ प्रत्येक घरात केक करणाऱ्या माणसाकडे असतो, तोच चार घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, तेवढं पुष्कळ झालं. सोनारी टाइपचे खिशातले छोटे काटे घेऊ नका, त्यातले बरेचसे ५०० ग्रॅमपर्यंतचेच असतात, आणि बग्गीचं मागचं एक चाकच पाचशेच्या आसपास जातं, मग काटा नुसती एररची अक्षरं दाखवत बसतो.

चारही काटे आपापसात जुळतात का ते आधी बघायचं. त्याला सोपा उपाय म्हणजे वाण्याकडचं अर्धा किलोचं लोखंडी वजन, शिक्का मारलेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या काकांनी दिलं हसत हसत, "काय रे, दुकान टाकतोयस का?" ते चारही काट्यांवर एकेकदा ठेवायचं, जो काटा दोन ग्रॅम जास्त दाखवतो त्यावर पेनाने "−२" लिहून टाकायचं, विषय संपला. चार काटे नसतील तर एकावरही भागतं, फक्त बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्या अगदी तेवढ्याच उंचीच्या फळ्या लागतात, आणि "अगदी तेवढ्याच" हा शब्द मनावर घ्यायचा, एका चाकाखाली पुठ्ठा जास्त आला की तिरके आकडे बदलले.

आणि खालचा पृष्ठभाग. इथे बहुतेक जण स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडतात, कारण ग्रॅनाइट किंवा कडप्पा म्हणजे सपाट असा समज. सपाट असतो, पण लेव्हलला नसतो, बऱ्याच ओट्यांना पाणी सिंककडे जावं म्हणून मिस्त्रीने मुद्दाम ढाळ दिलेला असतो. एक टक्का ढाळ म्हणजे डोळ्याला दिसणारसुद्धा नाही, पण तेवढ्याने माझ्या गाडीच्या डाव्या-उजव्या बेरजेत पाच-सहा ग्रॅमचा फरक पडतो. मी काचवाल्याकडून जाड काचेचा एक तुकडा कडा घासून आणला, टेबलावर ठेवला, खाली कागदाच्या घड्या सरकवत पाणसळीचा बुडबुडा दोन्ही दिशांनी मध्ये आणला. हीच काच नंतर चेसिस पिळलेली आहे का ते बघायलाही कामाला येते, नुसती चेसिस वर ठेवायची आणि कोपऱ्यांवर बोट दाबून टकटक होतंय का बघायचं.

गाडी मात्र पळते तशी पूर्ण हवी. बॅटरी आत, बॉडी वर, विंग लावलेली, वायरी जिथे असतात तिथेच. अँटिरोल बार (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारी तार) असेल तर त्याची एका बाजूची लिंक काढून ठेवायची, कारण दोन लिंकांची लांबी जरा जरी वेगळी असेल तरी बारच गाडीला पीळ देत राहतो आणि आपण स्प्रिंगला दोष देतो. डावा-उजवा शॉक काढून शेजारी धरायचा, व्हर्नियरने लांबी सारखी, पूर्ण दाबून सोडल्यावर परत येणं सारखं, दोघांवर स्प्रिंग एकाच रंगाची. हे सगळं नसेल तर पुढचे आकडे बघण्यात अर्थ नाही.

काट्यावर ठेवल्यावर पहिला आकडा कधीच खरा नसतो. शॉकच्या रबरी सीलचं घर्षण असतं, आणि गाडी खाली बसताना टायर बाजूला पसरायला बघतात पण ताटलीला चिकटून अडकतात, त्यामुळे सस्पेन्शन अर्धवटच बसतं. यावर माझा उपाय एकदम देशी आहे, दुधाच्या पिशवीचे प्रत्येक चाकाखाली दोन-दोन तुकडे, मध्ये तेलाचा एक थेंब. टायर आपोआप सरकतो आणि गाडी मोकळी बसते. मग पुढून थोडी दाबायची, सोडायची, मागून दाबायची, सोडायची, आकडे लिहायचे. उचलून परत ठेवायची, परत लिहायचे. दोन वेळचे आकडे चार-पाच ग्रॅमच्या आत आले तर विश्वास ठेवायचा, पंधरा-वीसचा फरक येत असेल तर कुठलातरी आर्म बिजागरीच्या पिनवर घट्ट आहे, तो आधी मोकळा करायचा.

तर माझे आकडे असे आले. पुढचं डावं २५२, पुढचं उजवं ३१७, मागचं डावं ४९०, मागचं उजवं ५०३. एकूण १५६२ ग्रॅम. आता हे चार आकडे नुसते बघून काही कळत नाही, त्यांच्या तीन बेरजा करायच्या. पुढची जोडी ५६९ आणि मागची ९९३, म्हणजे मागे ६३.६ टक्के. डावी बाजू ७४२, उजवी ८२०, म्हणजे गाडी उजवीकडे ७८ ग्रॅमने जड. आणि तिरकी जोडी, पुढचं उजवं अधिक मागचं डावं ८०७, तर दुसरा कर्ण ७५५. या शेवटच्या बेरजेत माझ्या तक्रारीचं उत्तर होतं. पुढचं उजवं आणि मागचं डावं हा कर्ण जड असला की डाव्या वळणात गाडी पुश करते आणि उजव्या वळणात मागचं सोडते. मोठ्या गाड्यांच्या ओव्हल रेसिंगमध्ये, जिथे सगळी वळणं डावीकडेच असतात, तिथे हे मुद्दाम करतात, वेज म्हणतात त्याला. आपल्याला दोन्हीकडे वळायचं असतं, आपल्याला तो नको.

आता या पोस्टमधला सगळ्यात कामाचा मुद्दा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. कॉलर फिरवून वजन डावीकडून उजवीकडे जात नाही. पुढून मागेही जात नाही. कॉलरने फक्त कर्ण बदलतो. मी पुढच्या उजव्या शॉकची कॉलर थोडी सैल केली, मागच्या डाव्याचीही थोडी, आणि परत मोजलं. २६५, ३०४, ४७७, ५१६. दोन्ही कर्ण बरोब्बर ७८१. आता बाकीच्या बेरजा करून बघा. पुढे ५६९, मागे ९९३. डावीकडे ७४२, उजवीकडे ८२०. एक ग्रॅमसुद्धा हललेला नाही! हलणार कसा, गाडीतली एकही वस्तू जागची हललेली नाही, गुरुत्वकेंद्र होतं तिथेच आहे. चार पायांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागद सरकवला की कुठला पाय जास्त भार घेणार एवढंच बदलतं, टेबलावरचं सामान काही सरकत नाही, तसंच हे.

"उजवीकडे जड आहे ना, मग उजवीकडची कॉलर आवळ" हा सल्ला मी अजूनही ऐकतो आणि तो देणारे चांगले चालवणारे असतात. दोन्ही उजव्या कॉलर आवळल्या तर गाडी डोळ्याला सरळ दिसायला लागते, एवढं खरं. काट्याला ते दिसत नाही.

डावं-उजवं सुधारायचं तर वस्तू हलवायला लागते किंवा वजन लावायला लागतं. यात थोडं गणित आहे पण पाचवीचंच. जेवढे ग्रॅम हलवले गुणिले जेवढे मिलिमीटर बाजूला हलवले, त्याची दुप्पट करायची आणि भागिले डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर. माझ्या गाडीत ते साधारण २२० मिमी आहे. ईएससी, म्हणजे मोटरचा स्पीड कंट्रोलर, कपॅसिटर आणि वायरीसकट ६२ ग्रॅम भरला, रिसीव्हर जेमतेम आठ. दोघांची अदलाबदल केली, ईएससी उजवीकडून डावीकडे ८० मिमी, रिसीव्हर उलटा तेवढाच. गणिताने फरक ७८ वरून ३९ च्या आसपास यायला हवा. म्हणजे एकही ग्रॅम न वाढवता अर्धं काम झालं, फक्त वायरी परत सोल्डर कराव्या लागल्या, त्याला एक रविवार सकाळ गेली.

उरलेल्यासाठी वजन चिकटवलं. आरसीच्या दुकानात पितळेचे सुंदर तुकडे मिळतात, सर्वोखाली (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरखाली) बसणारे, पुढच्या बल्कहेडखाली बसणारे, टंगस्टनचेही मिळतात आणि किंमत बघून माणूस गप्प बसतो. मी गेलो व्हील अलाइनमेंटवाल्याकडे. अलॉय व्हीलला आतून चिकटवतात ती स्टिकरवाली पट्टी, पाच आणि दहा ग्रॅमचे तुकडे असलेली. त्याने विचारलं, "कुठल्या गाडीला, साहेब?" मी पिशवीतून बग्गी काढून दाखवली. पैसे घेतले नाहीत, पण दुकानातल्या दोन पोरांना पार्किंगमध्ये चालवून दाखवायला लागली. ४० ग्रॅम चेसिसच्या डाव्या कडेला, व्हीलबेसच्या मधोमध, म्हणजे पुढे-मागे समान वाटले जातील असे. ४० ग्रॅम, मध्यापासून ७२ मिमी, अजून साधारण २६ ग्रॅमची भरपाई.

मग कॉलर परत नव्याने लावल्या आणि शेवटचे आकडे: २९०, २९९, ५०५, ५०८. एकूण १६०२. डावीकडे ७९५, उजवीकडे ८०७. कर्ण ८०४ आणि ७९८. उरलेल्या बारा ग्रॅमसाठी मी झटत बसलो नाही. बॉडी जरा तिरकी बसली किंवा एका बाजूच्या टायरमध्ये माती अडकली तरी एवढा फरक होतोच. डाव्या वळणातला पुश गेला, उजव्या वळणात गॅस देता यायला लागला. लॅप टाइमचं काही सांगत नाही, कारण त्या दिवशी ट्रॅकपण वेगळा होता, पण दोन्ही बाजूंना गाडी सारखी वागते म्हटल्यावर माणूस निवांत चालवतो.

"चाळीस ग्रॅम वाढवलेस की!" हा आक्षेप येतोच. अमेरिकेतल्या रोअर या आरसी रेसिंग संघटनेच्या नियमांत या क्लासचं किमान वजन बरीच वर्षं १४७४ ग्रॅम आहे. आकडा विचित्र वाटतो कारण तो मुळात ५२ औंस आहे. फोर-व्हीलला ५६ औंस, म्हणजे १५८८. पूर्वी सहा सेलचा जाडजूड निकेलवाला पॅक असायचा, तेव्हा वजन कमी कुठून करायचं ही चिंता होती, आता ब्रशलेस मोटर आणि छोटा शॉर्टी लायपो (आखूड लिथियम-पॉलिमर बॅटरी) आल्यावर वजन कुठे लावायचं ही चिंता आहे. आणि मुरमावर दीड किलोच्या गाडीला चाळीस ग्रॅम खाली, चेसिसच्या तळाला लावलेले, मला तरी तोट्याचे वाटत नाहीत. तेच वर उंचावर, शॉक टॉवरवर लावलेत तर गोष्ट वेगळी.

आता पुढे-मागे. इथे एकच बरोबर आकडा असा नाहीच, जमीन सांगेल तो आकडा. १९८४ साली टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची आरसी१० बग्गी आली तेव्हा मोटर मागच्या अॅक्सलच्या मागे लटकलेली, वजन सगळं मागे, कारण ट्रॅक सुट्या मातीचे होते आणि मागच्या चाकांना जमिनीत दाबून धरणं हीच गरज होती. नंतर कार्पेट, अॅस्ट्रोटर्फ आणि चिकट मातीचे ट्रॅक वाढले, ग्रिप एवढी झाली की मागे वजन असलं की पुढचं वळेनाच. म्हणून मोटर अॅक्सलच्या पुढे आली. २०१३-१४ च्या सुमारास असोसिएटेडने बी५ आणि बी५एम अशा दोन वेगळ्या गाड्याच काढल्या, एक रिअर मोटर, एक मिड मोटर. आज दुकानात बहुतेक मिड मोटरच दिसते, आणि आपण ती कार्पेटवर चालवणाऱ्या कुठल्यातरी युरोपियन ड्रायव्हरच्या सेटअप शीटसकट आणून मुरमावर सोडतो. मग ती गाडी गॅस दिला की जागेवर फिरते आणि आपण म्हणतो टायरच्या पिन घासल्यात, नवे टायर हवेत.

मुरमावर मी मागे ६३-६४ टक्के ठेवतो. कोरड्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, जेव्हा वर नुसती पिठासारखी धूळ असते, तेव्हा बॅटरी पूर्ण मागे ढकलून पुढच्या रिकाम्या जागेत फोम भरतो. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात जमीन अजून ओलसर आणि घट्ट असते, ग्रिप भरपूर असते, तेव्हा तोच फोम मागे टाकून बॅटरी पुढे घेतो. बॅटरी साधारण २२० ग्रॅमची, ती १४ मिमी पुढे सरकवली तर पुढच्या चाकांवर अकराच ग्रॅम वाढतात. ऐकायला काहीच नाही. गॅस जोरात दिला की शंभरेक ग्रॅम एका क्षणात मागे जातात, त्यापुढे अकरा म्हणजे काय? पण वळणाच्या मध्यावर, जिथे ना गॅस असतो ना ब्रेक, तिथे गाडी त्याच स्थिर वजनावर उभी असते आणि तिथे ते अकरा ग्रॅम हाताला कळतात. एकाच दुपारी दोन्ही करून बघा.

उडीबद्दल एक गैरसमज आहे तोही सांगून टाकतो. गाडी हवेत नाकावर पडते म्हणजे पुढून जड आहे, असं जवळपास सगळे म्हणतात. हवेत असताना पुढून जड, मागून जड असं काही नसतं, गुरुत्वाकर्षण गुरुत्वकेंद्रालाच ओढतं, त्याने गाडी फिरत नाही. नाक खाली जाणं ठरतं ते रॅम्पच्या टोकावर, मागचं सस्पेन्शन दाबलं जाऊन किती जोरात लाथ मारतं त्यावर. रिबाउंड (दाबलेल्या शॉकचं उसळून परत येणं) जास्त असेल तर मागचं उसळतं आणि नाक खाली. म्हणून त्यासाठी मागच्या शॉकचं ऑइल आणि पिस्टन बघा, पुढचं वजन काढू नका. आणि हवेतच दुरुस्त करायचं तर गॅस, गॅसने नाक वर येतं, ब्रेकने खाली जातं, मागच्या चाकांच्या फिरण्यामुळे.

गुरुत्वकेंद्राची उंची मोजायचीही एक पद्धत आहे, मागचं टोक दहा सेंटीमीटर उचलायचं आणि पुढच्या चाकांवर किती वाढलं ते बघून गणित करायचं. मोठ्या गाड्यांना ती छान चालते. आपल्या बग्गीत टायर एवढे मोठे आणि चेसिस एवढी खाली की गुरुत्वकेंद्र अॅक्सलच्या उंचीच्या आसपासच येतं, त्यामुळे काट्यावर दिसणारा फरक नगण्य, आणि उचलताना शॉकची हालचाल बंद केलेली नसेल तर तीच फरक खाऊन टाकते. घरी करण्यात वेळ घालवू नका, वायरी खाली बांधा आणि ईएससी शक्य तितका तळाला चिकटवा, उंचीचं काम झालं.

ज्यांच्याकडे काटेच नाहीत त्यांनी निदान टोकांवरची चाचणी करा. चेसिसच्या मध्यरेषेवर पुढे आणि मागे एकेक बिंदू धरून दोन स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकांवर गाडी उचलायची आणि कुठल्या बाजूला कलंडते ते बघायचं. किती ग्रॅम ते कळत नाही, कर्ण तर अजिबात कळत नाही, पण ईएससी कुठल्या बाजूला टाकायचा ते नक्की कळतं. आणि बॅटरी बदलली, मोटर बदलली, नवा सर्वो टाकला की परत करायचं, बऱ्याच सर्वोंमध्ये एकमेकांत वीस-वीस ग्रॅमचा फरक असतो.

ती व्हील बॅलन्सिंगची पट्टी लावण्याआधी चेसिस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, आणि वरून कापडी टेपचा एक वेढा मारा. शॉकमधलं सिलिकॉन ऑइल चेसिसवर कुठे ना कुठे सांडलेलं असतंच, त्यावर कुठलाही गोंद धरत नाही, आणि मुरमात पडलेला पाच ग्रॅमचा राखाडी तुकडा शोधून सापडत नाही.